न वाटता येणारी मालमत्ता: उद्यमबागेतलं एक घर आणि फुटबॉलचा क्लब

बेळगावच्या उद्यमबागेत पन्नासेक वर्षं फौंड्री चालवणाऱ्या एका मराठी घरापुढे 2023 च्या दिवाळीनंतर एक प्रस्ताव आला. बेंगळुरूत नोंदणी असलेल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा साठ टक्के हिस्सा विकायला निघाला होता आणि घरातल्या तिसऱ्या पिढीच्या मुलाला तो घ्यायचा होता. मी या घराचे हिशेब बघतो, त्यामुळे कागद आधी माझ्या टेबलावर आले. घरच्यांना विचारूनच हे प्रकरण इथे मांडतोय. नावं गाळली आहेत, आकडे ओळख पटू नये इतपत बदललेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवलंय.

घर असं आहे. अप्पांनी कुपोला भट्टी लावून पंपाची कास्टिंगं ओतायला सुरुवात केली. आज तिथे इंडक्शन फर्नेस आहे, बाजूला मशीन शॉप आहे आणि माल परदेशात जातो. थोरले अण्णा फौंड्री बघतात, मधले तात्या मशीन शॉप. धाकटे काका लवकर गेले. त्यांची मुलगी निर्यातीचं सगळं एकहाती सांभाळते, तिला घरात ताई म्हणतात. अप्पांची मुलगी आक्का निपाणीला दिलेली. प्रस्ताव आणणारा अण्णांचा मुलगा. भावंडं त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. तात्यांचाही एक मुलगा आहे, पण त्याला फुटबॉलमध्ये रस नाही. त्याने बैठकीत तसं सांगूनही टाकलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दादा सेंट पॉल्सचा. फादर एडी स्मृती स्पर्धेत शाळेकडून खेळलेला, पुढे बेंगळुरूत शिकताना तिथल्या क्लबांच्या मैदानांवर पडीक असलेला. बेळगावात फुटबॉल काही काल आलेला नाही. कॅम्पातलं लष्कर, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, मिशनऱ्यांच्या शाळा, टिळकवाडीतलं लेले मैदान यांच्या आधाराने तो इथे टिकून आहे. अडचण नकाशाची आहे. आमचे फुटबॉलमधले खरे शेजारी म्हणजे एकशे दहा किलोमीटरवरचं कोल्हापूर आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. पण क्लबाची नोंदणी राज्य संघटनेकडे होते, म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूकडे. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मुद्दा एवढाच की, दरवर्षीच्या बसभाड्याचा आकडा आधी ठरतो आणि मग बाकीचं.

पहिली बैठक फौंड्रीच्या ऑफिसात झाली. खिडकीबाहेर मोल्डिंगच्या वाळूचे ढीग, आत चहा. दादाने लॅपटॉपवर तासभर छान मांडणी केली. हिस्सा दीड कोटींना मिळतोय, क्लब राज्याच्या वरच्या विभागात खेळतोय, तिथून राष्ट्रीय लीगच्या खालच्या पायरीवर जाता येईल, पुढे घरचे सामने बेळगावात आणता येतील. तात्या खूष. "बेळगावचं नाव होईल की ओ," असं ते दोनदा म्हणाले. अण्णांनी एकच विचारलं, "परवडतंय काय?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी खर्च मांडला. चोवीस खेळाडू, सरासरी चाळीस हजार महिना, आठ महिन्यांचे करार, म्हणजे सत्याहत्तर लाखांच्या आसपास. प्रशिक्षक, गोलकीपरांचा वेगळा प्रशिक्षक आणि फिजिओ मिळून तीस. राहणं आणि मेस पंचवीस, प्रवास तीस. वयोगटांचे संघ ठेवावेच लागतात, कारण आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या चौकटीत युवा संघ, मैदान, कर्मचारी, कायदेशीर कागद आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब हे सगळं तपासलं जातं, त्याचे पस्तीस. मैदानभाडं, अँब्युलन्स, औषधपाणी वीस. ऑफिस, नोंदणी, फिया पंचवीस. बेरीज दोन कोटी बेचाळीस लाख. जमेच्या बाजूला अंगावरच्या जाहिरातीचे तीस, अकादमीच्या फीचे बारा, तिकीट आणि जर्सी मिळून आठ. पन्नास लाख. तूट दरसाल एक कोटी ब्याण्णव लाख. कारखान्याचा करानंतरचा नफा तीन कोटींच्या घरात असतो.

म्हणजे दोन तृतीयांश नफा दरवर्षी मैदानात ओतायचा. तरी गंमत बघा, अण्णा लगेच नाही म्हणाले नाहीत. "पोराची हौस आहे, तीन वर्षं बघू" असं त्यांच्या तोंडून आलं. घरच्या धंद्यात असंच होतं. बाहेरच्या माणसाने हा ताळेबंद आणला असता तर चहासुद्धा मिळाला नसता.

दादाकडे एक उत्तर तयार होतं: सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च. इथे मला त्याला थांबवावं लागलं. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी यांपैकी एक ओलांडलं तरच नफ्याच्या दोन टक्के खर्चाचं बंधन येतं. हा कारखाना त्यात बसतच नाही. आणि बसला असता तरी अनुसूचीत आहे ते ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण. मुलांना शिकवा, चालतं. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व नियमांनी स्पष्ट वगळलेलं आहे. छातीवर कारखान्याचं नाव घालून पळणारा पगारी स्ट्रायकर म्हणजे समाजकार्य, हे कुठल्याही अधिकाऱ्याला पटवता येणार नाही.

दुसरा कागद कर्जाचा. विकणाऱ्याला हप्त्यांसाठी बँक हमी हवी होती आणि दादाच्या डोक्यात टिळकवाडीतला बखळ प्लॉट होता. तो गहाण टाकला की काम होतं. प्लॉट कारखान्याच्या कंपनीचा नाही, एकत्र कुटुंबाचा आहे, अप्पांच्या वेळेपासून.

आक्कांना फोन लावला तो इथे. स्पीकरवर ठेवला होता. निपाणीहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी सही लागणार आहे काय?"

लागणार होती. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीची हिस्सेदार, झाली आणि वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं. येळ्ळूरच्या शेतीची वाटणी अप्पांनी 1994 मध्ये नोंदणी करून केली होती, ती अबाधित. हा प्लॉट त्या वाटणीत नव्हता. शिवाय कर्त्याला एकत्र मिळकत गहाण टाकता येते ती कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा मिळकतीच्या हितासाठी. फुटबॉलचा क्लब या दोन्हीत कसा बसवायचा, हे मला वकिलाने हसत विचारलं.

आक्कांनी सही द्यायला नकार दिला नाही. पुढे त्या म्हणाल्या, "देते. पण मग त्यात माझं काय आणि किती, ते सांगा." आणि खोलीतली सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

त्या वेळेपर्यंत सगळी चर्चा परवडण्याची होती. मला वाटतं, फुटबॉल क्लब घेणाऱ्या प्रत्येक घरात ती तशीच होते आणि तिथेच फसते. परवडणं हा सोपा प्रश्न आहे. कॅल्क्युलेटर काढा, उत्तर येतं. अवघड प्रश्न आक्कांचा होता. घरातल्या कुठल्याही मालमत्तेबद्दल तो आज ना उद्या विचारला जातो, आणि क्लब ही अशी मालमत्ता आहे जिची वाटणी होत नाही.

येळ्ळूरच्या शेतीचं उदाहरण घरातच होतं. गुंठे मोजून जमीन वाटली, उतारे वेगळे झाले, राहिली विहीर. ती वाटता येईना म्हणून अप्पांनी पाळ्या लावून दिल्या: दोन दिवस अण्णा, दोन दिवस तात्या, दोन दिवस धाकटा. अजून त्या चालतात. तात्या म्हणाले, क्लबाचंही तसं करू, वर्ष-वर्ष वाटून घेऊ. ताई फटकन म्हणाली, "एका वर्षी तुमचा कोच, दुसऱ्या वर्षी अण्णांचा? खेळाडू करार कुणाशी करणार?" विहिरीला कोण पाणी काढतंय याने काही होत नाही. संघ दरवर्षी मालक बदलला तर मोडतो. आणि विहिरीतून काही निघतं तरी. इथे पाळी म्हणजे तूट भरायची पाळी.

फौंड्री वाटता येते. एकाने फर्नेस घ्यावी, एकाने मशीन शॉप, एकाने गिऱ्हाइकांची यादी. उद्यमबागेत आणि मच्छेला अशा वाटण्या पायलीला पन्नास सापडतील. क्लबात वाटायला आहे काय? खेळाडूंचे करार मुदतीचे, मैदान भाड्याचं, लीगमधली जागा निकालावर टिकलेली. राहतं ते नाव आणि रंग, आणि ते तर गावातल्या पोरांना आपलंच वाटत असतं.

दुसऱ्या बैठकीला मी बाहेरची उदाहरणं घेऊन गेलो. आधी शेजारचं, कारण गोव्याचं नाव काढलं की बेळगावकर कान देतो.

गोव्यात फुटबॉल क्लब म्हणजे घराणी, असंच कित्येक वर्षं समीकरण होतं. साळगावकरांचा क्लब 1956 चा. चर्चिल ब्रदर्सच्या तर नावातच आलेमाव भाऊ आहेत. आणि धेंपो. धेंपोंनी दोनदा राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग तीनदा जिंकली, शेवटची 2011-12 ची. मला या घराण्याची एक गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. 2009 मध्ये त्यांनी आपला खाणधंदा सेसा गोवाला 1,750 कोटी रुपयांना विकला. ज्या धंद्याच्या जिवावर क्लब उभा राहिला असं आपण म्हणू, तो धंदा गेला आणि क्लब मात्र घरात राहिला. त्यानंतरही त्यांनी दोन आय-लीग मारल्या. खाणीला गिऱ्हाईक मिळतं, किंमत ठरते, चेक येतो. क्लबाचं तसं नसतं. तो विकायला काढला तरी घेणारा तूट घेत असतो, त्यामुळे किंमत म्हणून जे मिळतं ते बहुधा सुटकेचं समाधान.

पुढची गोष्ट धडा म्हणून मोठी. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात फ्रँचायझींची इंडियन सुपर लीग (आयएसएल) वर आणि आय-लीग खाली जाणार होती. वर्षानुवर्षं खेळून कमावलेली पहिल्या पंगतीतली जागा पैसे मोजून आलेल्या फ्रँचायझींना मिळणार होती. तिन्ही घराण्यांनी ठरवलं, नाही खेळायचं. क्लब बंद केले नाहीत, गोव्यात खेळत राहिले. धेंपो पुढे खालच्या पायरीवरून चढत 2024-25 ला पुन्हा आय-लीगमध्ये आला. मधली वर्षं थांबता आलं, कारण थांबायचं म्हणणारं घर एकमताचं होतं आणि बँक दारात उभी नव्हती. दादाने नेमका याच्या उलट अर्थ काढला: "बघा, घराणं असेल तर क्लब मरत नाही." त्याचंही चूक नाही. पंजाबच्या फगवाड्याचा जेसीटी, 1996-97 च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता, 2011 मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी. गिरणी किंवा कंपनी ज्या सहजतेने खर्चाचं एक खातं बंद करते, तसं घराणं करत नाही. त्याला अब्रू आडवी येते.

अब्रू आडवी आली की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. व्यंकटेश्वरा हॅचरीज म्हणजे वेंकीज, 1971 साली बी. व्ही. राव यांनी उभा केलेला कोंबड्यांचा धंदा. त्यांची मुलं अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. क्लब 1875 चा, 1888 च्या पहिल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापकांपैकी एक, 1994-95 चा प्रीमियर लीग विजेता. त्यांनी तो घेतला एका दुसऱ्या घराच्या विश्वस्तनिधीकडून. ब्लॅकबर्नचे पोलाद व्यापारी जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या क्लबात पैसा ओतला, ते 2000 मध्ये गेले आणि निधीला पुढची दहा वर्षं तो सांभाळत बसावं लागलं. मालक मेला की क्लबाचं काय करायचं, हा प्रश्न त्याही घरात होताच.

वेंकीजची पहिली दोन वर्षं तिथल्या लोकांना अजून सलतात. सॅम अॅलर्डाइस हा अनुभवी व्यवस्थापक महिनाभरात काढला. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन. मे 2012 मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून 1-0 हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगाचं फडकं गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्गला 57 दिवस मिळाले, मायकल अॅपलटनला 67. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, वर्षभरात वर आला. मधल्या काळात तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली.

हे सांगताना दादा म्हणाला, "म्हणजे त्यांना फुटबॉल कळत नव्हता. मला कळतो." बरोबर, पण मला दाखवायचं होतं ते पुढचं. इतक्या शिव्या खाऊनही त्या भावंडांनी क्लब विकला नाही. दरवर्षी तूट भरत राहिले, खरेदीच्या कितीतरी पट पैसा गेला, दिलेली कर्जं भांडवलात फिरवली. लोक याला हट्ट म्हणतात. मी हिशेबनीस, मला दुसरंही दिसतं. तीन भावंडांनी मिळून घेतलेली वस्तू विकायची म्हणजे एकाने आधी तोंड उघडायचं, "आपलं चुकलं." घरात ते वाक्य बोलणारा पहिला कोण होणार? कंपनीत संचालक मंडळ बदलतं आणि नवे लोक जुन्यांची चूक निस्तरतात. भावंडं बदलत नाहीत.

ताईने विचारलं, कुणाला जमलंच नाही का? काहींना जमलंय, पण मोठ्या यंत्रणेने. मँचेस्टर युनायटेड घेणाऱ्या माल्कम ग्लेझर यांना सहा मुलं. 2012 मध्ये त्यांनी शेअर न्यूयॉर्कला नोंदवले ते दोन जातींचे: बाजारातल्या शेअरला एक मत, घरच्या शेअरला दहा. त्यामुळे एखाद्या भावंडाला पैसे काढून घेता येतात आणि तरी लगाम घरात राहतो. 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ चतुर्थांशाहून थोडा जास्त हिस्सा घेऊन आत आले, तरी बहुमत ग्लेझरांकडेच. युव्हेंटसचे अॅन्येली 1923 पासून आहेत, पण क्लब कुणा एका भावाच्या नावावर नाही, एक्सोर या कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीवर घराण्याची वेगळी कंपनी आहे. तरी त्यांनाही सुटका नाही. 2019, 2021 आणि 2023 अशा तीन खेपांत 90 कोटी युरोंचं नवं भांडवल उभारावं लागलं आणि मोठा वाटा घराला घालावा लागला. हे आकडे ऐकून अण्णा म्हणाले, "आपली फौंड्रीच काय, अख्खी उद्यमबाग विकली तरी." वाक्य पुरं केलं नाही.

कोल्हापूरचा विषय अण्णांनीच काढला. तरुणपणी ते शाहू स्टेडियमवर सामने बघायला एसटीने जायचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. सगळे संघ तालमीचे नाहीतर मंडळाचे, पेठेचे. छत्रपती घराणं आहे, पण ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या डोक्यावर, कुठल्या एका संघाचं मालक म्हणून नाही. संघ कुणाच्याच घरचा नसल्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही. वर्गणी येते, तूट आली तर पेठ बघून घेते. अण्णांना ते फार आवडतं. मला एवढंच वाटतं की तालीम जिद्दीवर चालते, आठ महिन्यांच्या पगारी करारांवर नव्हे. खेळाडूचा पगार थकला तर पेठेवर दावा लावता येत नाही.

आणि पगार थकण्यावरूनच बेंगळुरूचा व्यवहार फिसकटला.

मी तीन वर्षांचे करार आणि बँकेचे उतारे मागितले. महिनाभर "देतो, देतो" चाललं. शेवटी जे आलं त्यात खेळाडूंचे पगार कधी रोखीत, कधी दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून, काहींच्या समोर नुसतं "बाकी". दोन माजी खेळाडूंनी तक्रार केल्याचं मैदानावरच्या ओळखींतून दादालाच कळलं. फुटबॉलमधली देणी दुकानदारीतल्यासारखी मागच्या मालकावर ढकलता येत नाहीत. फिफाच्या शिस्तसंहितेत "क्रीडा वारसदार" अशी कल्पना आहे: नाव, रंग, संघ, मैदान तेच चालवलं तर नवी कंपनी काढली तरी जुनं देणं तुमच्या गळ्यात. देणं फिटेपर्यंत नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते. भारतातल्या मोठ्या क्लबांनीही ही बंदी भोगली आहे. आम्ही करारात एक कलम घालायला सांगितलं, की जुनी देणी निघाली तर ती किमतीतून वजा होतील. विकणाऱ्याने आठवडाभराने कळवलं, दुसरं गिऱ्हाईक मिळालंय.

दादा चार दिवस फौंड्रीत आला नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

त्यानंतर जे ठरलं ते ताईने मांडलं. विकतचा क्लब नको, आपला नवा संघ, खालच्या विभागापासून. घरातल्या प्रत्येकाची त्यात जागा आधी ठरवायची, जर्सीचा रंग नंतर. एप्रिल 2024 मध्ये वेगळी खासगी कंपनी काढली. दादाचे चाळीस टक्के. अण्णा, तात्या, ताई, आक्का आणि तात्यांचा मुलगा यांचे प्रत्येकी बारा. ज्याला फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यालाही बारा, यावर तात्यांचा मुलगा कुरकुरला. ताई म्हणाली, नको असेल तेव्हा विक, दर करारात लिहिलाय. सहाही जणांनी आपापल्या लाभांशातून पैसे घातले. कारखान्याची कंपनी एक रुपया उसना देणार नाही, हमी देणार नाही. कंपनीने दुसऱ्याला कर्ज-हमी देण्यावरची कलम 186 ची मर्यादा ओलांडली जात नसली तरीही नाही, कारण बँकेच्या कॅश क्रेडिटच्या अटींत पैसा दुसरीकडे वळवण्याला मज्जाव आहे आणि एका हंगामाच्या हौसेपायी कच्च्या लोखंडाची उधारी अडायला नको. टिळकवाडीचा प्लॉट बखळच राहिला.

वार्षिक तुटीला सत्तर लाखांची मर्यादा, मुदत तीन वर्षं. एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा आधी घरच्यांना द्यायचा, घातलेल्या पैशाच्या निम्म्या दराने. हा दर अण्णांनी घालून घेतला. तोटा कबूल करूनच आत यायचं, म्हणजे पुढे कुणाला कुणापुढे "चुकलं" म्हणावं लागणार नाही. मला या सगळ्या करारातलं हे कलम सगळ्यात पसंत आहे, आणि ते माझं नाही.

दोन हंगाम झाले. संघ अजून खालच्याच विभागात आहे. पहिल्या वर्षी तूट सत्तरच्या आत राहिली, दुसऱ्या वर्षी प्रवासाने खाल्लं आणि दादाने स्वतःचा पगार सोडून ती मर्यादेत बसवली. तेरा आणि पंधरा वर्षांखालची पोरं मात्र भरपूर येतात, खानापूरहून, कंग्राळीहून, कॅम्पातून. अकादमीच्या फीने अंदाजाच्या दुप्पट पैसे आणले. वरची शिडी तेवढी पक्की नाही हे दादाला आता पटलंय. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा, पंधरा वर्षांचा, 700 कोटींचा करार संपत आला आणि नवा होईना, तेव्हा जुलै 2025 मध्ये अख्खी लीगच स्थगित ठेवल्याचं जाहीर झालं होतं. फौंड्रीत त्या दिवशी तात्या म्हणाले, "बरं झालं, आपण वर नव्हतो."

तिसरं वर्ष येत्या मार्चला संपतं. मर्यादा एक कोटीवर न्यावी असं दादाचं म्हणणं आहे, तात्याही त्याच्या बाजूने. मला विचारलं, त्यासाठी किती जणांच्या सह्या लागतील. सहाही जणांच्या, असं करारात आहे. आक्कांनी कळवलंय की आधी तीन वर्षांचा ताळेबंद निपाणीला पाठवा, मग बोलू.